पाठमोरी हजेरी

आमचे सर माणसाला पुढून ओळखत नसत.

डोळे अधू होते म्हणावं, तर तसंही नाही. चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. समोरून नमस्कार केला की ते हसून ‘बरं, बरं’ म्हणत आणि चालू लागत. आपण कोण ते त्यांना कळलेलं नाही, हे त्या हसण्यावरूनच समजे. पण आपण पाठ फिरवून जरा पुढे गेलो की मागून हाक यायची, आणि ती नेमकी आपल्याच नावाने. मग चौकशी सुरू. घरी सगळे बरे आहेत ना, हल्ली जड काही उचलता का, डाव्या पायात चप्पल झिजलेली दिसते, मोची बदला. एवढं बोलून होईपर्यंत आपण पाठमोरंच उभं राहायचं. मध्येच वळलं तर सर पुन्हा ‘बरं, बरं’वर येत.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात ते आम्हाला शरीररचना शिकवत. अख्खं शरीर शिकवायचा त्यांना पगार होता, पण मन होतं ते कमरेत. मान, छाती, हात हे सगळं ते जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवावं तसं उरकून घेत. कमरेच्या पाच मणक्यांपाशी आले की खुर्ची ओढून बसत. मग पावसाळा संपून हिवाळा लागला तरी आम्ही तिथेच असायचो. मुलं कुरकुरत, की परीक्षेत मेंदूवरही प्रश्न येतो. सर म्हणत, मेंदू पुस्तकात वाचा, त्याला हात लावून कळत नाही.

हजेरी ते वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून घेत. आमच्या वर्गात निम्मे पाटील, उरलेल्यांत चौधरी आणि महाजन. नुसतं ‘पाटील’ म्हटलं की अर्धा वर्ग ‘यस सर’ करायचा. म्हणून सरांनी नाव पुकारायचं आणि त्या पाठीकडे बघायचं, अशी रीत पाडली होती. दुसऱ्याची हजेरी लावायची कला बाकी सगळ्या तासांना चाले, या तासाला मात्र ती पार झोपली. पहूरचा एक मुलगा होता, एक नंबरचा बिलंदर. पाच-सहा जणांचे आवाज काढून हजेऱ्या लावण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. सरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, ‘आवाज चौधरींचा आहे, पाठ तुमचीच आहे. बसा.’ त्या दिवसापासून त्याचं आणि सरांचं जमलं ते कायमचं. हा मुलगा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी पाचोऱ्याकडची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर आकृती काढत होते, तर मागून सर म्हणाले की बाई, तुम्ही लहानपणी विहिरीवरून पाणी डाव्या कमरेवर आणत होता. मी थिजले. हा माणूस आमच्या गावात कधी आला होता, असंच मनात आलं. तर म्हणे हंडा डावीकडे, म्हणून अंग उजवीकडे कलतं, म्हणून उजवा खांदा खाली, तो तसाच राहिला. तेव्हापासून पाच वर्षं मी त्यांची ‘उजवा खांदा’. माझं नाव काय ते त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. राग यायचा. हॉस्टेलच्या खोलीत आरशासमोर उभी राहून मी खांदा वर ओढायची सवय केली, तर आठवड्याने मागून आवाज आला, की उगाच ओढू नका, मान धरेल. मान धरलेलीच होती.

सर स्वतः काठीसारखे ताठ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि चालणं असं की डोक्यावर भरलेली कळशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. कोणाच्या पाया पडायचं झालं तरी ते गुडघ्यात वाकत, कमरेत नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का सांगायच्या, की लग्नात सासऱ्यांपुढे हा माणूस असा सरळ पाठीने खाली बसला, की आमच्या वडिलांना वाटलं जावई रुसून बसला. मग कोणीतरी घाईने अंगठी पुढे केली. सर तेवढ्याने खूश झाले आणि पाया पडायचं राहूनच गेलं.

अक्कांचं आमच्यावर फार मोठं ऋण आहे. पाठीवरून मणके बोटांनी मोजायला शिकायचं, तर मुलं एकमेकांच्या पाठीवर शिकत. मुलींचं काय? सर जुन्या वळणाचे, मुलींना बोट लावायचे नाहीत, आणि मुली शिकल्या नाहीत तर झोपायचेही नाहीत. त्यांनी तोड काढली. रविवारी सकाळी आम्ही मुलींनी देवपूरला त्यांच्या घरी जायचं. आत स्वयंपाकघरात अक्का मेथी निवडत पाटावर बसलेल्या असत, आणि आम्ही एकेकीने त्यांच्या मागे बसून मणके शोधायचे. सर बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत आणि तिथून प्रश्न टाकत. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडाचा कंगोरा लागतो, त्याच्या सगळ्यांत उंच टोकांवरून आडवी रेघ ओढा, कुठे आलात? चौथ्या मणक्यावर, सर. आता एक खाच वर जा. दोन मणक्यांच्या मधे बोट बुडतंय का? अक्का, जरा वाका. अक्का वाकत, मेथी निवडणं चालूच. कधी कुणाची बोटं गार असली की अंग चोरून म्हणत, अगं चुलीपाशी शेकून घे आधी. हे सगळं झालं की नाश्त्याला फोडणीची भाकरी. धुळ्यातल्या कितीतरी डॉक्टरणींच्या बोटांना अक्कांची पाठ अजून आठवत असेल. मला तर आठवतेच.

शिकवणं म्हणाल तर फळा-खडू त्यांना पुरत नसे. दोन मणक्यांच्या मधली गादी, जिला सगळे डिस्क म्हणतात, ती समजावायला त्यांनी डब्यातून पुरणपोळी आणली होती. बाहेर पदर, आत मऊ पुरण. पुढून दाबली की पुरण मागच्या बाजूने बाहेर येतं, आणि मागे असते नस; पुरण नसेला लागलं की माणूस ओरडतो. एवढं सांगून त्यांनी ती पोळी आमच्या देखत खाऊन टाकली. आणि पाचवा मणका म्हणजे त्यांच्या मते लळिंगच्या घाटात उतारावर उभी केलेली भरली बैलगाडी. खालचं हाड तिरकं, त्यावर हा बसलेला, सगळ्या अंगाचं ओझं वर, आणि ओढ पुढे घसरायची. मग गाडी घसरत का नाही? चाकांपुढे दगड लावलेत, ते मणक्यांचे मागचे सांधे. आणि दोन्ही बाजूंनी दोर बांधलेत, ती लिगामेंट. आजही मी धुळ्याकडून त्या घाटात चढायला लागले की माझा हात आपोआप कमरेवर जातो.

एस.टी.त ते मागच्या सीटवर कधी बसत नसत. गाडी खड्ड्यात आदळली की मागच्या सीटवरच्या माणसाचा पाचवा मणका काय भोगतो, याचं वर्णन ते कंडक्टरलाही ऐकवत. पुढची जागा नसली की सरळ उतरून जायचे आणि पुढच्या गाडीची वाट पाहायचे. एकदा आम्ही सगळे एका लग्नाला जळगावला निघालो. आम्ही जेवून, नवरानवरीला भेटून परत निघालो तेव्हा सर मांडवात शिरत होते. चेहऱ्यावर समाधान असं, की लग्न त्यांचंच असावं.

त्यांच्या त्या कापडी पिशवीत कमरेचे पाच मणके कायम असत. खरे, माणसाचे. तोंडी परीक्षेत ते पिशवीचं तोंड तेवढं पुढे करत. आत हात घालायचा, एक मणका धरायचा आणि न बघता तो कितवा ते सांगायचं. तर एकदा पारोळ्याहून येताना गाडीत ही पिशवी बदलली. घरी येऊन अक्कांनी पिशवी उघडली, तर आत भरिताची वांगी. चांगली हिरवी, मोठाली. अक्कांना वाटलं, नवऱ्याला या वयात का होईना बाजार करायची अक्कल आली. त्यांनी चूल पेटवली आणि वांगी भाजायला टाकली. सर तोवर अंघोळीला.

इकडे त्या वांग्यांची मालकीण आपल्या घरी पोचली आणि तिने वांगं काढायला पिशवीत हात घातला. पुढचं मी सांगायला नको. कोणीतरी आपल्यावर करणी केली, म्हणून त्या घरात मोठा गोंधळ झाला. शेवटी पिशवीवरचं कॉलेजचं नाव कुणीतरी वाचलं, आणि ती बाई नवऱ्याला घेऊन, पिशवीत मणक्यांवर एक लिंबू ठेवून, पत्ता शोधत सरांच्या दारात हजर झाली. पदर खोचलेला आणि पहिलाच प्रश्न, ‘मन्हा वांगा कोठे शेतस?’ सरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. पिशवी ओढून घेतली, लिंबू बाजूला काढलं, मणके मोजले, आणि अक्कांना आत हाक मारून सांगितलं की पाचही आहेत. अक्का परातीत भरीत ठेचत होत्या. त्यांनी बाहेरचा प्रकार ऐकला, डोक्याला हात लावला, आणि सरळ त्या दोघांची पानं मांडली. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्च्या तेलाची धार. बाई जेवली, शांत झाली, जाताना भरिताला मिरची कमी पडली असंही सांगून गेली. ते लिंबू अक्कांनी दुसऱ्या दिवशी वरणावर पिळलं. सर तेही खाऊन गेले.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, एकदा धान्य पोचवायला हॉस्टेलवर आले होते. कापसाची शेती केलेला माणूस, पाठ वाकलेली. मी त्यांना सरांना भेटवायला नेलं. आबांनी हात जोडले, सरांनी ‘बरं, बरं’ केलं, आणि आबा चपला घालायला वळले तसे सर लगबगीने उठून त्यांच्या मागे गेले. सदऱ्यावरून दोन्ही अंगठे कमरेवर टेकवले आणि विचारलं की इथे दुखतं ना, आणि खोकलं की खाली पायात उतरतं? आबांनी आयुष्यात कधी दुखणं बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. सरांनी त्यांना तिथेच चटईवर झोपवलं, गुडघे पोटाशी कसे घ्यायचे, पोतं उचलताना कंबर कशी राखायची, ते स्वतः लोळून दाखवलं. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारलं, ‘हाऊ मास्तर बठ्ठासनी पाठ चाचपस का गं?’ मी म्हटलं, हो, सगळ्यांची. आबांनी एकदा वळून सरांच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, चांगला माणूस शे. पुढे गावात आबा रोज सकाळी ओसरीवर लोळायला लागले, आणि आईने ते म्हातारचळ म्हणून गावभर केलं. पण पायात उतरणारं दुखणं गेलं, हेही तिनेच मला सांगितलं.

मी भूलतज्ज्ञ झाले. लोक विचारतात, हेच का निवडलं. खरं सांगायचं, तर अक्कांच्या स्वयंपाकघरात निवडलं. पाठीतून सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं, त्या सुईची वाट दोन मणक्यांच्या मधूनच जाते. बोटांना ती वाट आधीच पाठ होती. शिक्षण संपवून मी धुळ्यात परतले आणि दोन-तीन खाजगी रुग्णालयांत भूल द्यायला जाऊ लागले. त्यातलं एक त्या पहूरच्या बिलंदराचं. तो आता सर्जन झाला होता आणि, काय सांगावं, हात खरोखरच सोन्याचा होता.

मे महिना. दुपारी अंगाची लाही होत होती. त्याचा निरोप आला, ताबडतोब ये, सर आहेत.

सरांना किती वर्षांपासून हर्निया होता, देव जाणे. जांघेतली गाठ या माणसाने घरातसुद्धा लपवून ठेवली होती. कमरेखालच्या अवयवांबद्दल त्यांना मुळी आस्थाच नव्हती. त्या दिवशी त्यांनी कुलर उचलला. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, अगदी शास्त्रशुद्ध उचलला. पाठीला काहीही झालं नाही, हे ते मला दारातच अभिमानाने सांगायला लागले. आतडं मात्र गाठीत अडकलं होतं. गाठ दगडासारखी झालेली, पोट फुगलेलं, ओकाऱ्या सुरू. थांबलो तर आतडं काळं पडणार, आणि मग माणूस हातचा जाणार.

पूर्ण भूल द्यावी, तर सरांना जुना दमा. छातीतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. वर दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस चापून झालेला. अशा माणसाला झोपवलं, तर पोटातलं छातीत जायचं आणि ती छाती पुन्हा चालू होईल याची हमी कोणी द्यायची? पाठीतून सुई, एवढा एकच रस्ता होता. आणि तो मीच काढायचा होता.

आत जाताना अक्कांनी माझा हात धरला. रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, ‘आत फार बोलतील गं ते. बोलू दे. गप्प झाले, की समज घाबरलेत.’

टेबलावर सर बसले, पाय स्टुलावर, पोटाशी उशी. मी त्यांच्या मागे. त्यांनी कमरेतून वाकायचं होतं, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते वाकले. त्यांची पाठ मी कधी बघितलीच नव्हती. हाडं वर आलेली, कातडी सैल, म्हाताऱ्या माणसाची पाठ. मी कंगोऱ्यावर बोटं टेकवली. तेवढ्यात पुढून तोंडी परीक्षा सुरू झाली.

‘कुठे आहात?’

मी म्हटलं, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. कशावरून, असं त्यांनी विचारलंच, आणि मीही हातमोजे चढवलेल्या बोटाने रेघ ओढत उत्तर दिलं. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. कातडी बधिर केली, सुई घातली. दोन मणक्यांच्या मधे जी मऊ वाट असायला हवी, तिथे सुई करकर वाजून अडली. काढली, कोन बदलला, पुन्हा घातली. पुन्हा करकर. एक खाच खाली गेले, तिथेही तेच. माझ्या कपाळावरचा घाम सिस्टर टिपत होती. दारात सर्जन हात वर धरून उभा, तोंडावर मास्क, पण डोळ्यांतली काळजी मास्कने झाकली जात नाही.

सरांनी विचारलं, काय लागतंय. मी म्हटलं, हाड.

‘हाड नाही. मणक्यांच्या शेंड्यांवरून जातो ना, तो पट्टा. वयाने चुना साठून कडक झालाय. मी माझ्या एक्स-रेत पाहिलाय.’

‘मग आधी सांगायचं ना, सर!’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

त्या क्षणी मला त्यांची मानगूट धरावीशी वाटली. पण राग आला ते बरंच झालं, हात स्थिर झाला. मधला रस्ता बंद होता, तर बाजूने जायचं. मधल्या रेषेपासून बोटभर बाजूला सरकायचं, आणि पाठीच्या स्नायूतून सुई तिरकी आत आणि वर न्यायची. तो कडक पट्टा वाटेत येतच नाही. मी सांगितलं की सर, बाजूने जातेय. सरांनी उशी घट्ट आवळली. सुई स्नायूतून सहज गेली. मग मणक्यांच्या कमानींना जोडणारं ते पिवळं, रबरासारखं लिगामेंट लागलं. हे सगळ्यांत आतलं दार. सुईला तिथे किंचित अडल्यासारखं होतं, आणि मग बोटांना कळतं, की सुटली. सुटली. आतली तार काढली. वाट पाहिली. आणि सुईच्या तोंडाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, मागोमाग दुसरा. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं आहे.

औषध दिलं, सरांना आडवं केलं. पाय जड झाले, मग गेलेच. पुढे हिरवा पडदा लावला. सर्जनने चिमटा घेऊन पाहिला, सरांना काही कळलं नाही. सगळं छान चाललं होतं, आणि सर गप्प झाले.

त्या सुईनंतर रक्तदाब उतरतो. त्यांचा जरा जास्तच उतरला. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, एकामागून एक जांभया. मी सलाइन मोकळं सोडलं, इंजेक्शन दिलं, आणि त्यांच्या उशाशी वाकले. ते माझ्याकडे बघत होते. समोरून, थेट चेहऱ्याकडे. असे ते कोणाकडे बघत नसत.

‘बाई, मला कंबर लागत नाहीये,’ ते हळूच म्हणाले. ‘आहे ना?’

मी म्हटलं, आहे सर, जागेवर आहे.

‘मला भीती वाटतेय. तुम्ही बोला काहीतरी.’

औषधाला काम करायला थोडा अवधी लागतो. तेवढा वेळ या माणसाला मला इथे धरून ठेवायचं होतं. काय बोलायचं? देवाचं नाव घ्यायचं? सरांना त्याने काय होणार? मी त्यांच्या कानाशी गेले आणि अगदी सहज आवाजात विचारलं, ‘सर, तो सोआस स्नायू म्हणजे कमरेपासून वर जाऊन शेवटच्या बरगडीला चिकटतो, तोच ना?’

आधी काहीच झालं नाही. मग कपाळावर एक आठी पडली.

‘काय म्हणालात?’

‘सोआस. बरगडीला जातो तो.’

सरांनी मान उचलायचा प्रयत्न केला. पांढऱ्या चेहऱ्यावर रंग चढत होता, मी बघत होते. आवाज आधी फाटका होता, मग भरत गेला. बरगडीला जातो तो क्वाड्रेटस! सोआस मणक्यांच्या बाजूंवरून निघतो आणि खाली जातो, खाली, जांघेतून थेट मांडीच्या हाडाला! आपण पाय उचलतो तो त्याच्या जिवावर! पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा हे चुकत नाही, आणि तुम्ही माणसांच्या पाठीत सुया खुपसत फिरता? यंत्रावरचा आकडा चढत होता. औषधाने चढला की संतापाने, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

‘कोणी पास केलं हो तुम्हाला?’ सर कडाडले.

‘तुम्हीच, सर.’

सिस्टर हसायला लागली. पडद्यापलीकडून सर्जनने मान वर केली आणि नम्रपणे सांगितलं, ‘सर, मलाही तुम्हीच पास केलंय.’

सरांनी डोळे मिटून घेतले. पार खचले होते.

‘मग जरा जपून काप रे बाबा,’ ते म्हणाले.

त्याने जपून कापलं. आतडं जांभळं पडलं होतं. कोमट सलाइनची फडकी ठेवून आम्ही वाट पाहिली, आणि ते हळूहळू गुलाबी होत गेलं. तोवर सर मला सोआस शिकवत होते, पहिल्यापासून, नसांच्या फांद्यांसकट. मी ‘असं होय’, ‘अच्छा’ करत होते. बाहेर अक्कांना त्यांचा आवाज ऐकू जात होता. नंतर त्यांनी सांगितलं, की तो आवाज ऐकला आणि बाकावरच्या बाकावर त्यांना डुलकी लागली.

त्यानंतर सर पुष्कळ वर्षं जगले, आणि त्या पुष्कळ वर्षांत त्यांनी माझी अब्रू ठेवली नाही. कुठे लग्नात, बारशात, बाजारात एखादा डॉक्टर भेटला की आधी त्याची पाठ बघून त्याला ओळखायचं, आणि मग माझी गोष्ट सांगायची. भूल उत्तम देते, हात हलका आहे, अवघड पाठीतून बाजूने काय सुंदर गेली. पण सोआस कच्चा आहे. फार कच्चा. माझ्याच हातून पास झाली, माझंच चुकलं. आणि दर दिवाळीला फराळाला गेले की लाडू हातात पडायच्या आत विचारायचे, काय बाई, सोआस कुठे चिकटतो? मी दरवेळी जरा विचार केल्यासारखं करायची आणि चुकायची. सर भडकायचे, ताठ बसायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, आणि अक्का माझ्या ताटात आणखी एक लाडू वाढायच्या.

आता सर नाहीत, अक्काही नाहीत. पण धुळ्यात त्यांची म्हातारी विद्यार्थी मंडळी आहेत, सगळ्यांना ती गोष्ट माहीत. कुठेही भेटले की मिशीतल्या मिशीत हसत विचारतात, काय मॅडम, सोआस कुठे चिकटतो?

मी म्हणते, बरगडीला.